पन्नास किलोमीटरची चक्कर

मला माझ्या लेकीने आश्रित केले, ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच चारचौघांत कबूल करतो आहे.

ती सैन्यात अधिकारी झाली तेव्हा तिने घरच्या माणसांची माहिती देणारा कसलासा अर्ज भरला, आणि महिन्याभरात सैनिक कुटुंब आरोग्य विम्याची दोन हिरवी कार्डे घरी आली. हिच्या कार्डावर हिचे नाव आणि खाली 'आश्रित'. माझ्या कार्डावर माझे नाव आणि खाली तेच. तेहतीस वर्षे भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून नोकरी केलेला, स्वतःच्या पेन्शनवर जगणारा मी आश्रित कसा, असे मी लेकीला फोनवर विचारले. तेव्हा कळले की माझी पेन्शन नियमात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भरते, म्हणून मी आश्रित. म्हणजे एका अपमानाच्या पोटात दुसरा अपमान निघाला. ती म्हणाली, "बाबा, तो नुसता शब्द आहे." शब्द कधी नुसता नसतो. आमच्या खात्यात एखाद्या तुकड्यावर 'पडीक' हा नुसता शब्द लिहिला, की त्याचा मालक दहा वर्षे कचेरीत खेटे घालत असे. मी ते कार्ड कपाटात धोतरजोडीसारखे जपून ठेवले आणि शक्यतो आजारी न पडण्याचे ठरवले.

पण ते ठरवताना मी हिला विचारले नव्हते. एका सकाळी ही अंथरुणात डाव्या कुशीवर वळली आणि खोली फिरते आहे म्हणाली. खोली फिरत नसल्याचे मी तिला तज्ज्ञ या नात्याने सांगितले. त्यावर तिने पलंगाची कड घट्ट धरली आणि मला गप्प बसायला सांगितले. उठताना चक्कर, वाकताना चक्कर, डावीकडे मान वळवली की हमखास चक्कर. आठवड्याभरात ही घरात उजव्या बाजूने वावरू लागली. न्हाणीघर डावीकडे असल्यामुळे तिथे ती स्वयंपाकघराला वळसा घालून जाई.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ही झोपे, आणि झोपेत अर्थातच चक्कर येत नसे. डॉक्टर प्रामाणिक होते. हे कानाचे प्रकरण दिसते, कानाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा, असे त्यांनी सांगितले. तो मोठा डॉक्टर सैन्याच्या रुग्णालयात होता, आणि ते रुग्णालय दुसऱ्या शहरात, घाटापलीकडे.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिला बढती मिळाली होती. सात आठवड्यांनी तिच्या पलटणीच्या मुख्यालयात समारंभ होता, आणि दोन्ही खांद्यांवर एकेक नवा तारा आईवडिलांनी लावायचा होता. उजवा मी, डावा हिने. तिथवर बसने आठ तास. लेकीची आणि आमची भेट होऊन दीड वर्ष झाले होते. ही फोनवर नुसती हो हो करत राहिली, चकरेचे अवाक्षर काढले नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी नाही आले तर पोरीचा डावा खांदा मोकळा राहील." मी म्हटले, दोन्ही मीच लावीन. त्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही, कारण मी तिच्या डावीकडे बसलो होतो.

म्हणून आम्ही रुग्णालयाच्या बसमध्ये बसलो. घाटातले पहिले वळण हिने डोळे मिटून काढले, दुसरे माझा दंड धरून, आणि तिसऱ्या वळणावर जे झाले ते सांगण्यासारखे नाही. कंडक्टरने आम्हाला ओढ्यावरच्या एका मोरीवर उतरवून दिले. परत बसमध्ये पाय ठेवायला ही तयार नव्हती. आम्ही चालत घरी आलो. मी सवयीने पावले मोजली. चार किलोमीटर दोनशे मीटर झाले. हा आकडा मी हिला सांगितला तेव्हा तिचा चेहरा पाहून पुढचे दशांश मी मनातच ठेवले.

घरी आल्यावर विम्याची पुस्तिका काढून मी पहिल्यांदाच वाचली. सतराव्या पानावर चक्क आमच्यासाठीच लिहिल्यासारखे कलम होते. 'आश्रितांसाठी घरबसल्या व्हिडिओवर तज्ज्ञ डॉक्टरचा सल्ला, संपूर्ण विनामूल्य.' आयुष्यात पहिल्यांदा मला आश्रित असल्याचा आनंद झाला. मी ते कलम हिला मोठ्याने वाचून दाखवले. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती चष्मा बदलून वाचायचे मी दुपारवर टाकले.

दुपारी हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटे बासरी ऐकली. अधूनमधून एक बाई आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे सांगत. शेवटी दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या बाई आल्या. त्यांनी पत्ता विचारला, टकटक केले आणि म्हणाल्या की ही सोय रुग्णालयापासून पन्नास किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि संगणकात तुमचे अंतर अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा दशांश दिसते. मी त्यांना घाटाचे सांगितले, वळणांचे सांगितले, मोरीचेही सांगितले. बाई म्हणाल्या, "सर, वळणांचा रकाना नाहीये."

इथे एक शंका सुज्ञ वाचकाला येईल, ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या विमावाल्या वहिनींनाही आली. या वहिनी खासगी कंपनीचे विमे विकतात आणि जिन्यात गाठून माणसाला त्याच्या मरणाची आठवण करून देतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, खासगी डॉक्टरही व्हिडिओवर मिळतात. फी भरा, अर्ध्या तासात मोकळे व्हा." सल्ला सरळ होता. ही लगेच पर्स शोधू लागली. पण मी म्हणालो, पोरगी तिकडे बर्फात उभी राहते ती काय तिच्या आईच्या डॉक्टरची फी मी पदरची भरावी म्हणून? हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ही म्हणाली, "तत्त्व तुमचं आणि चक्कर माझी." हे वाक्य तिने पुढच्या पाच आठवड्यांत इतक्या वेळा म्हटले की मी ते ऐकेनासा झालो. आज वाटते, ऐकायला हवे होते.

तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जगातले कुठलेही काम कसे अडते आणि कसे सुटते हे त्यांना ठाऊक आहे, फक्त स्वतःच्या घरातला गळका नळ त्यांना पंधरा वर्षे सुटलेला नाही. ते म्हणाले, संगणकाचे अंतर म्हणजे पक्ष्याचे अंतर, माणूस काय उडत जातो? प्रत्यक्ष रस्ता मोजा, पन्नासच्या वर जाईल. आणि हे तुम्हाला मी सांगावं? हा टोमणा मला बरोबर लागला. तेहतीस वर्षे दुसऱ्यांची अंतरे मोजली, आणि स्वतःचे अंतर परक्या बाईच्या टकटकीवर मान्य केले!

पोस्टमास्तरांची स्कूटर घेतली, तिचा काटा आमच्या घराच्या पायरीवर लिहून घेतला आणि निघालो. वळणे बाहेरच्या अंगाने घेतली असती तर दोन-तीनशे मीटर सहज वाढले असते. पण धंद्याचे इमान आडवे आले. मी सगळी वळणे रस्त्याच्या मध्यातून घेतली. दोनदा ट्रकवाल्यांनी माझ्या वाडवडिलांचा उद्धार केला. रुग्णालयाच्या फाटकाशी काटा पाहिला. अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. संगणकानेही रस्ताच मोजला होता, आणि त्याच्यापेक्षाही मी चारशे मीटर जवळ निघालो.

हा आकडा लपवता आला असता. पण मी घरी येऊन तो पोस्टमास्तरांना सांगितला, आणि त्यांनी मी सासरची अब्रू वेशीवर टांगल्यासारखे तोंड केले.

मग वहिनींना माझ्या मेहुण्याची आठवण झाली. हिचा धाकटा भाऊ रुग्णालयाच्या पलीकडे, तिथून एकसष्ट किलोमीटरवर राहतो. त्याचा पत्ता लावा, म्हणाल्या. मी हेल्पलाइनला पुन्हा बासरी ऐकून विचारले. बाई म्हणाल्या चालेल, पण व्हिडिओ सुरू होताना रुग्णाचा फोन त्याच जागी आहे हे संगणक तपासतो. म्हणजे हिने मेहुण्याकडे जायला हवे. आणि मेहुण्याकडे जाणारी बस घाट चढून, रुग्णालयाच्या फाटकाशी चहाला दहा मिनिटे थांबून, मग पुढे जाते. थोडक्यात, घरबसल्या डॉक्टर मिळावा म्हणून आम्ही घर सोडायचे, डॉक्टरच्या दारात चहा प्यायचा आणि मग त्याच्यापासून दूर जाऊन त्याला भेटायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशातच वळसा घातलेला होता. मी हे हिला समजावून सांगितले. ही उजव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. म्हणाली, "तुम्ही आणि ती बाई दोघं जा."

समारंभाला पाच आठवडे राहिले तेव्हा मी विम्याच्या कचेरीत गेलो. ती रुग्णालयाच्याच आवारात, एका पत्र्याच्या छपराखाली आहे. खिडकी क्रमांक तीनला एक साहेब बसतात. त्यांचा चष्मा कपाळावर असतो आणि ते तो टेबलावर शोधत असतात, म्हणून मी त्यांना मनात चष्मेवाले म्हणतो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझी सगळी हकिकत ऐकली, मोजणीच्या आकड्यापाशी आल्यावर हळहळून "अहो, तेवढं सांगायचं कशाला" म्हणाले, आणि एक अर्ज दिला. 'विशेष बाब म्हणून दूर अंतराचा लाभ मिळणेबाबत.' आठ पाने होती.

अर्ज भरायला पोस्टमास्तर घरी येऊन बसले. त्यांचा सिद्धान्त असा की सरकारी कागदावर एकच गोष्ट ठासून सांगावी. वाचणारा साहेब एकच शब्द शोधत असतो, तो जागोजाग दिसला की मंजुरी देतो. आपला शब्द 'दूर'. जिथे जिथे 'जवळ' की 'दूर' असे विचारले असेल, तिथे डोळे मिटून 'दूर'वर खूण करा. मला ते पटले. बसथांबा घरापासून? दूर. औषधाचे दुकान? दूर, म्हणजे आमच्या जिन्यासमोर आहे, पण जिना उतरावा लागतो. मदतीला येऊ शकणारे शेजारी? इथे पोस्टमास्तर जरा घुटमळले, पण मग स्वतःच म्हणाले, "दूर." अशा तेरा खुणा केल्या. ही आतून म्हणाली, एकदा वाचून तरी दाखवा. आम्ही म्हटले, तू पडून राहा.

सोळा दिवसांनी पत्र आले. पहिला परिच्छेद वाचून मी पोस्टमास्तरांना वर हाक मारली. आमची विनंती विशेष बाब म्हणून मान्य झाली होती. रुग्ण दूर अंतरावर राहतो हे कार्यालयाने ग्राह्य धरले होते. पोस्टमास्तरांनी हात पुढे केला, मी तो धरून हलवला, वहिनीही वरून उतरल्या. मग मी दुसरा परिच्छेद वाचला. 'तथापि, अर्जाच्या पान सहावरील रकाना नऊमध्ये रुग्णाचे सेवेतील अधिकाऱ्याशी नाते "दूरचे" असे नमूद केलेले आढळते. दूरचे नातेवाईक या योजनेत बसत नसल्याने सदर रुग्णाचे नाव विमा यादीतून वगळण्यात येत आहे.'

व्हिडिओवरचा डॉक्टर हिला मिळाला होता, आणि विमा गेला होता. पोटच्या पोरीची ती कायद्याने दूरची नातेवाईक झाली होती, माझ्या सहीनिशी. पोस्टमास्तर घड्याळ बघत उठले आणि नळाला पाणी आले असेल म्हणून खाली गेले. वहिनींना कुणाचा तरी हप्ता आठवला. हिने पत्र माझ्या हातातून घेतले, भिंतीला टेकून उभी राहून सावकाश वाचले आणि घडी घालून डब्याखाली ठेवले. रागावली नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

"अठरा दिवस उरलेत," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्यांपुढे उभा होतो. ते म्हणाले की दुरुस्ती होईल, पण नाते जवळचे आहे असा जबाब सेवेतल्या अधिकाऱ्याने स्वतः द्यायला हवा. मी सांगितले की ती डोंगरावरच्या ठाण्यात आहे. पत्र जायला तीन आठवडे लागतात, आणि समारंभाच्या आधी दोन दिवस ती खाली उतरणार. चष्मेवाल्यांनी विचार केला. मग म्हणाले, जबाब व्हिडिओवर चालतो. त्याला अंतराची अट नाही. आईला डॉक्टर मिळायला पन्नास किलोमीटर लागत होते, आणि आई आई आहे हे विचारायला कितीही चालत होते. पण हे मी मनातच ठेवले. सरकारी काम सहा महिने थांब ही म्हण जगाला ठाऊक आहे, आणि माझ्याकडे सतरा दिवस होते.

ठाण्याच्या कचेरीत निरोप गेला. चौथ्या दिवशी सकाळी अकराला वेळ मिळाली. मी खिडकीच्या आत चष्मेवाल्यांच्या शेजारी बसलो. ओळख पटवायला रुग्णही हवा म्हणून ही घरून फोनवर आली. वहिनींनी फोन धरला होता, म्हणून हिच्या डोक्यापेक्षा छतावरचा पंखा जास्त दिसत होता. मग दुसऱ्या चौकटीत लेक आली. जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, ओठ फाटलेले. दीड वर्षाने मी तिचा चेहरा असा समोर पाहिला, आणि तोही कचेरीच्या पडद्यावर, शिक्क्यांच्या डब्यामागे. मी तो डबा बाजूला सरकवला.

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि कागदावरून वाचून विचारले, "समोर दिसणाऱ्या या बाई आपल्या कोण?"

"आई."

"नाते जवळचे की दूरचे?"

लेक काही बोलेना. आम्हाला वाटले चित्र अडकले. चष्मेवाल्यांनी पडद्याला टिचकी मारली. पण तिच्या तोंडातून वाफ येत होती, म्हणजे चित्र चालू होते.

"साहेब, दीड वर्षात मी तिला पाहिलं नाही," ती म्हणाली. "तिला दीड महिना चक्कर येतेय हे मला काल तुमच्या निरोपातून कळलं. आता तुम्हीच सांगा काय लिहायचं ते."

चष्मेवाले गडबडले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी उलट प्रश्न विचारला नसावा. "मॅडम, इथे दोनच रकाने आहेत," ते हळू म्हणाले.

"जवळचे लिहा."

त्यांनी लिहिले आणि शिक्का जरा अदबीनेच मारला. तेवढ्यात लेकीने विचारले, "पण आधी दूरचे कुणी लिहिलं?" मी छपराचे पत्रे मोजू लागलो. वहिनी मागून काहीतरी सांगायला पुढे सरसावल्या, पण ही आधी बोलली. "अगं, कचेरीत चुकून झालं असेल. तू टोपी नीट घाल, कान उघडा आहे." चष्मेवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. कचेरीवर आळ आला होता आणि अर्ज त्यांच्यासमोरच पडला होता. पण त्यांनी तो हळूच पालथा केला. त्या दिवसापासून मी त्या माणसाला नावे ठेवणे बंद केले आहे, चष्मा सोडून.

व्हिडिओवरचा डॉक्टर समारंभाच्या आधी नऊ दिवस मिळाला. मिसरूड फुटल्यासारखा दिसणारा मुलगा होता. हिला तीन प्रश्न विचारले, डावीकडे बघायला लावले, आणि म्हणाला, "काकू, घाबरायचं काही नाही. कानात आत बारीक बारीक खडे असतात. ते जागचे हलले की चक्कर येते. परत जागेवर बसवायचे, बस." जन्मात प्रथमच मला एखादा आजार संपूर्ण कळला. हद्दीचे दगड सरकले होते! सरकलेले दगड जागेवर बसवण्यात माझी हयात गेली होती. डॉक्टर म्हणाला, "काका, हात तुमचे लागतील. मी सांगतो तसं करा. काकूंचं डोकं डावीकडे साधारण पंचेचाळीस अंश वळवा." साधारण हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही. मी कोनमापक आणायला उठलो, तेव्हा हिने माझा सदरा धरून खाली बसवले.

डोके वळवून हिला झटकन मागे निजवले. हिने माझ्या मनगटात नखे रुतवली आणि खोली फिरते आहे म्हणाली. या वेळी मी वाद घातला नाही. फिरू दे म्हटले, मी धरले आहे. एक मिनिट थांबलो. मग डोके उजवीकडे, मग सगळे अंग उजव्या कुशीवर, मग सावकाश उठवून बसवले. सगळे मिळून चार मिनिटे. ही बसली, भिंतीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. मग हळूहळू, पाय थंड पाण्यात घालावा तशी, तिने मान डावीकडे वळवली आणि बऱ्याच आठवड्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिले.

"दाढी कधी करणार आहात?" ती म्हणाली.

चार मिनिटांचे काम होते. त्यासाठी मी सहा आठवडे तत्त्वाला चिकटून बसलो होतो. डॉक्टरने 'शाब्बास काका' म्हटले त्याचे मला काही वाटले नाही. त्याच क्षणी मी कानाला खडा लावला, की पुन्हा तत्त्वाचा प्रश्न आला तर आधी तत्त्वाची चक्कर कुणाला येते ते विचारायचे.

हे प्रकरण इथे संपले असते, पण मला विम्याचा शेवटचा कागद भरायचा होता. 'उपचार प्रत्यक्ष कोणी केला?' या प्रश्नापुढे मी अभिमानाने लिहिले, 'मी स्वतः, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.' पाच दिवसांत उत्तर आले. डॉक्टरचा सल्ला विम्यात मंजूर होता. परंतु एका आश्रिताने दुसऱ्या आश्रितावर केलेला उपचार योजनेत बसत नसल्याने उपचाराचा भाग नामंजूर, आणि वैद्यकीय परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा. मी कागद घेऊन तडक तळमजल्यावर निघालो होतो. हिने जिन्याच्या दाराला आतून कडी घातली.

समारंभाला जाताना आठ तासांच्या प्रवासात ही खिडकीशी बसली, डावीकडची शेते बघत. सातव्या तासाला डोंगरातल्या एका वळणावर माझ्या डोळ्यांपुढे बस गरगरली. हिने पिशवीतून कागदी पिशवी काढून माझ्या हातात दिली. ती तिने घरूनच माझ्यासाठी आणली होती, हे मला नंतर कळले.

मुख्यालयाचे मैदान आमच्या मोजमापाने फार सुरेख आखलेले होते. लेक ओळीत ताठ उभी होती. नाव पुकारल्यावर आम्ही दोघे पुढे गेलो. हिने डावा तारा एका झटक्यात सरळ लावला. माझा तारा सरळ बसेना, आणि तेहतीस वर्षांच्या मोजणीदाराला तो दोन अंश कलता राहिलेला दिसत असूनही दुरुस्त करायला वेळ नव्हता. लेक नजर समोर ठेवून, ओठ न हलवता पुटपुटली, "राहू दे बाबा." तिच्या पापण्या ओल्या होत्या. माझ्याही होत्या. मोठे अधिकारी आमच्यापुढे आले, माझा हात हातात घेतला आणि आपण काय करता असे अगत्याने विचारले. माझ्या खिशात निवृत्त मोजणीदार असे छापलेली कार्डे होती. पण तोंडातून ते निघाले नाही.

"मी यांचा आश्रित," लेकीकडे हात करून मी म्हणालो, आणि मला त्या शब्दाची पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

अधिकारी हसले आणि अदबीने हिच्याकडे वळले. ही अठरा दिवस याच संधीची वाट बघत होती, हे मला तेव्हा समजले.

"आणि मी दूरची नातेवाईक," ही म्हणाली. "हवं तर यांनी सही करून दिलंय."

लेक सावधान उभी होती. हसायची परवानगी नव्हती आणि ती हसली नाही. चेहरा, हात, बूट, काही हलले नाही. फक्त तिच्या उजव्या खांद्यावर मी लावलेला तो कलता तारा बराच वेळ थरथरत राहिला.